साक्षीदाराची गरज नाही

"हो की नाही, एवढंच सांग. दूध उतू गेलं तेव्हा तू गॅसजवळ होतास की नव्हतास?"

आई कमरेवर हात ठेवून उभी. टंकलेखकाने कपाळाला हात लावला. दिवसभर कोर्टात वकिलांची बडबड टाइप करून बोटं आखडायची आणि घरी आलं की पुन्हा उलटतपासणी. टीव्हीवरच्या कोर्टाच्या मालिकेने आईला पुरतं झपाटलं होतं. तिचे आवडते प्रसंग ऐकून ऐकून त्यालाही पाठ झाले होते. वकीलबाई चष्मा पुसता पुसता थाप पकडते तो. आणि सगळ्यांत लाडका म्हणजे घाबरट मोलकरीण पिंजऱ्यात उभी राहून खरं सांगते आणि न्यायाधीश पेन खाली ठेवून ऐकतात तो. खऱ्या कोर्टात पेन कुणी खाली ठेवत नाही, पुढची तारीख देतात, हे सांगून त्याचं तोंड दुखलं होतं.

त्यात आईला खरंच समन्स आलं. कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याला भरधाव गाडीने उडवलं होतं. आई खिडकीतून पाहून खाली धावली होती. त्याने प्राण सोडला तेव्हा तीच एकटी शेजारी होती. पोलिसांना तिने गाडीचं तेवढं सांगितलं. बाकी काही विचारलं की म्हणायची, कोर्टात सांगेन.

आठवडाभर आरशासमोर तालीम चालली. तो विनवत राहिला की विचारतील तेवढंच बोल, मध्येच थांबून सगळ्यांकडे बघत बसू नकोस. तिने ऐकल्यासारखं केलं.

त्या दिवशी त्याने रजा टाकली. दोघं कोर्टाबाहेरच्या बाकावर बसली. आई दर थोड्या वेळाने पाण्याचा घोट घेत होती. दुपारी सरकारी वकील बाहेर आले. ड्रायव्हरने गुन्हा कबूल केला होता.

"आता तुमची गरज नाही, आजी. घरी गेलात तरी चालेल."

खरं तर टंकलेखकाला हायसं वाटलं. पण बसस्टॉपवरही आई मागे वळून कोर्टाकडेच बघत बसली, तेव्हा तो वैतागला.

"अगं, चांगलंच झालं की. त्याने स्वतःच कबूल केलं."

"चांगलंच झालं," आई म्हणाली. "पण पेपरवाला काय बोलला, ते राहूनच गेलं."

वर्षानुवर्षं त्याने परक्यांचा शब्दन्‌शब्द टिपला होता. तो तिच्याकडे वळून बसला.

"मला सांग."

आईने हातवारे केले नाहीत, आवाज चढवला नाही. ती रस्त्याकडे बघत होती.

"म्हणाला, बाई, जरा वेळ थांबता का? मी म्हटलं, थांबते."

"मग?"

"मग थांबले."

बस आली, दार उघडलं, कुणी चढत नाही असं पाहून निघून गेली. दोघं तिथेच बसून राहिली.