पाच जयवंत

रेवतीने होडी आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये वडिलांची उंची चार बोटं वाढवली आणि पडवीत जयवंत मेथरांचं डोकं वाशाला आपटलं.

"कोणा मेल्यान वासो खाली केल्यान?" ते ओरडले.

बाहेर वाळूत त्यांची होडी वीस बोटं लांबली. लांबणारच. गावचा नियम असा की शिडांच्या शर्यतीत होडी तांडेलाच्या, म्हणजे सुकाणू धरणाऱ्याच्या, उंचीच्या पाचपटीहून लांब नको. जिंकणाऱ्या तांडेलाला होडीच्या कडेने पाच वेळा आडवं निजवून मोजतात. फूट-मीटरवर इथे कुणाचा भरवसा नाही. म्हणून सॉफ्टवेअरने मापाचं एकक विचारलं तेव्हा रेवतीने 'जयवंत' असं लिहिलं होतं आणि लांबीसमोर पाच.

अकरा वर्षं जयवंत दुसरे येत होते. बाजारात त्यांना हाकसुद्धा 'दुसरो' अशीच मारत. यंदाची शर्यत शेवटची, पुढे सुकाणू धरणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. रेवतीला या गोष्टीचं फार वाईट वाटत होतं.

शर्यतीच्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन होडीच्या पुढच्या टोकाला बसली. सॉफ्टवेअर म्हणालं, लांबी वाढवा, वेग वाढेल. तिने बाबांना वाढवलं. बाबा वाढले की जड होत, जड झाले की होडी पाण्यात बसे, आणि होडी बसली की सॉफ्टवेअर पुन्हा लांबी मागे. तिने किती वेळा बटण दाबलं ते तिलाच आठवेना.

"पल्याडच्या गावात सोलकढी गाळतत गो!" मागून, खूप वरून, बाबा खुशीत ओरडले.

रघुवीर पराडकर, अकरा वर्षं पहिला येणारा, बाजूने पुढे निघाला. अर्धा तास तो ओलांडत राहिला, पण मेथरांची होडी संपेचना. शेवटी त्याने शीड उतरवलं आणि चहा मांडला.

रेवतीचं टोक खाडीपलीकडच्या निशाणाला टेकलं तेव्हा होडीचं मागचं टोक अजून किनाऱ्यावरच होतं. तिथे गुणाजीआबा शिटी घेऊन उभे होते. मापाचा मान त्यांच्या घराण्याचा.

"आधी माप, मगे शिटी," आबा म्हणाले.

जयवंत एकदा निजले. उठले, पुढे सरकले, पुन्हा निजले. तिसऱ्या खेपेला खाडीचं पाणी देवळाच्या पायऱ्या चढलं. चौथ्या खेपेला ते मनापासून हसले आणि सगळ्या होड्या डुलल्या. पाचव्या खेपेला त्यांचं पांढरं डोकं रेवतीकडे आलं आणि अलीकडेच थांबलं.

लॅपटॉप म्हणत होता, बरोबर पाच. पण वय झालं की माणूस पाठीत थोडा वाकतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. डोकं आणि टोक यांच्यामध्ये एक माणूस आडवा मावेल एवढं पाणी उरलं होतं. एवढ्या लांबून आबांना फक्त तळपाय दिसत होते.

"पोचलंय काय गो?" जयवंतांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

रेवतीला रडूही आलं आणि हसूही. तिने लॅपटॉप मिटला, पाण्यात उडी मारली आणि त्या जागेत उताणी झाली. तिने डोकं बाबांच्या टाळूला लावलं आणि पाय टोकाकडे सोडले.

"पोचलात, बाबा!"

किनाऱ्यावर आबांनी शिटी ओठांत धरली आणि छाती भरून श्वास घेतला. रेवती पायाचे अंगठे ताणत होती, अजून थोडे, अजून थोडे.