कचऱ्यातले एकवीस जीबी

निवृत्त मुद्रितशोधकाने चष्मा पुसला, संगणकातले सगळे फोल्डर एकदम निवडले आणि त्यांच्या आकाराची बेरीज कागदावर उतरवली. डिस्क जेवढी भरलेली दिसत होती, त्याहून ही बेरीज एकवीस जीबींनी कमी निघाली. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या पुस्तकांतले निसटलेले काने-मात्रे पकडणाऱ्या माणसाला ही तूट आपल्या डोळ्यांचा अपमान वाटली.

"माझी जुनी प्रुफं ठेवायला जागा नाही," तो म्हणाला, "आणि इथे कोणीतरी पाय पसरून बसलंय."

"बघा हं वहिनी," पलंगावर रेललेली त्याची बहीण म्हणाली, "तुमच्या माहेरचं नाही ना कुणी?"

बायको शिवणयंत्रापाशी उभी होती. तिच्या पर्समध्ये काल दुपारीच विकत आणलेला पेनड्राइव्ह होता.

या घरातल्या संगणकात तिच्या फाइलींना थारा नव्हता. तिचे काही दिसले, की नवरा त्याला ‘पसारा’ म्हणे आणि पुसून टाकी. म्हणून तिने आपल्या फाइली स्वतःच संगणकाच्या कचरापेटीत, रिसायकल बिनमध्ये, टाकायला सुरुवात केली. टाकलेल्या गोष्टीकडे हा माणूस वळून पाहत नाही, हे तिला तेवीस वर्षांच्या संसाराने शिकवले होते. शिवणकामाचे चौतीस धडे तिने मोबाइलवर चित्रित केले होते. मोबाइल भरला, की ते संगणकावर येत आणि कचऱ्यात सुखरूप राहत. दुसरी प्रत कुठेही नव्हती. प्रशिक्षण केंद्राने ते सोमवारी मागितले होते आणि पसंत पडले, तर तिला तिथे शिक्षिकेची जागा मिळणार होती. घरात तिने याचा चकार शब्द काढला नव्हता. नणंदेच्या कानावर गेले असते, तर संध्याकाळपर्यंत साऱ्या नात्यागोत्यात तिचे हसे झाले असते.

"सापडला चोर!" नवऱ्याने बिन उघडली. "यात तुझं काही आहे का?"

तिने नणंदेकडे पाहिले. "कचऱ्यात माझं काय असणार?"

"नीट आठवून सांग. रिकामं करतोय."

"आधी जेवून घ्या ना. मग करा सावकाश."

"पोट थांबेल."

"वहिनींचा कचरा कपाटात असतो, दादा," नणंद खिदळली.

पडद्यावर प्रश्न उमटला: कायमचे पुसायचे? त्या चौकटीमागे फाइलींची यादी दिसत होती आणि प्रत्येकीपुढे ती टाकल्याची तारीख होती. तेहतीस तारखा जुन्या होत्या. सातव्या धड्यापुढे मात्र काल दुपारचे तीन होते. काल दुपारी तीन वाजता ती बाजारात होती. बिनमधला व्हिडिओ तिथल्या तिथे पाहता येत नाही. तो बाहेर काढावा लागतो आणि पाहून झाला, की पुन्हा टाकावा लागतो.

ती शिवणयंत्र सोडून पुढे आली.

"अहो, थांबा. ते माझं आहे."

नणंद उठून बसली. नवऱ्याने मान वळवली नाही. "आत्ता तर नाही म्हणालीस. ही साक्षीला बसली आहे."

"चुकलं माझं. सोमवारी द्यायचे आहेत ते. तुम्ही काल पाहिलेत, तुम्हाला माहीत आहे."

"एकच पाहिला. त्यात तू दोनदा ‘पाहिजेल’ म्हणतेस. असं बोलून कुणाला शिकवणार?"

"दहा मिनिटं द्या. फक्त दहा." पर्सची चेन अडकली; तिने ती ओरबाडून उघडली आणि पेनड्राइव्ह त्याच्यापुढे धरला.

त्याने तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत तिच्या तळव्यावर ठेवला. मग बोटाने कळ दाबली. हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकली आणि नाहीशी झाली. कागदावरची बेरीज त्याने पुन्हा ताडून पाहिली. आता ती तंतोतंत जुळत होती.

"ते माझं आहे," ती पुटपुटली. कोणाला, ते तिलाही कळले नसावे.

"‘आहे’ नव्हे," तो कागदाची घडी घालत म्हणाला. "‘होतं’."