चष्म्यांच्या डब्यातली वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. माझ्या अंगावर डांबराचे डाग आहेत आणि माझी सगळी पाने एकाच बोटीने भरलेली आहेत. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर बोटी बांधणाऱ्या विल्फ्रेड थर्केलने मला लिहिले. ओकचा कणा किती लांब, लार्चच्या लाकडाच्या फळ्या किती जाड, तांब्याचे खिळे किती अंतरावर, सारे माझ्यात आहे.

अशा बारीकसारीक अपेक्षांच्या लेखी तपशिलाला इंग्रजीत 'स्पेसिफिकेशन' म्हणतात. हा शब्द लॅटिनमधून आला. 'रूप' आणि 'घडवणे' असे दोन शब्द त्यात जोडलेले आहेत, आणि त्यातला रूपाचा शब्द 'पाहणे' यातून निघाला आहे. पण एवढे लांबलचक नाव घ्यायला कारखान्यात वेळ कुणाला! विल्फ्रेड मला 'स्पेक्स' म्हणे. पंचाईत अशी, की तिथे चष्म्यालाही 'स्पेक्स'च म्हणतात.

माझ्यावरून बांधलेली 'मार्था' चाळीस वर्षे माणसांना खाडीपार नेत होती. विल्फ्रेड थकला, तेव्हा त्याने मला बिस्किटांच्या डब्यात ठेवले. वर दोन मोडके चष्मे टाकले आणि झाकणावर लिहिले, 'स्पेक्स'.

शेवटच्या आजारात तो मुलीला म्हणाला होता, "हेस्टर, स्पेक्स सांभाळ हं."

"माझ्याकडेच आहेत, बाबा," असे म्हणून तिने उशाजवळचा चष्मा कोटाच्या खिशात ठेवला. हे सारे मला पुढे तिच्याच तोंडून कळले.

तो गेल्यावर तिने घर आवरले. झाकण उघडले, चष्मे दिसले, झाकण लावले. गरजूंसाठी चर्चमध्ये जुने चष्मे गोळा करत होते. डबा तिकडे गेला, डब्यात मी.

त्याच हिवाळ्यात वादळाने 'मार्था' धक्क्यावर आदळली. तिची एक बाजू फुटली. जशी होती तशी बांधता येत नसेल, तर शनिवारी ती मोडीत काढायची, असे गावच्या नौका समितीने ठरवले. विल्फ्रेडच्या हाताखाली शिकलेला क्लेम हेस्टरला म्हणाला, "तुझ्या बाबांची वही शोध. अंदाजाने करायला तो काय चहा आहे?" तिने घर पालथे घातले. मी कुठली सापडणार!

शुक्रवारी चर्चमधल्या पार्ड्यूबाईंनी डबा टेबलावर पालथा केला. मला चाळून त्या थेट हेस्टरच्या दारात आल्या.

"काय गं, तुझ्या बाबांच्या चष्म्याला नऊशे खिळे लागत होते?"

हेस्टर आधी हसली. मग मला छातीशी धरून तिने कारखान्याची वाट धरली.

कारखान्यात क्लेम पेन्सिल घेऊन तयार होता. "सावकाश वाच. त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग!"

तिला अक्षर लागेना. तिने खिशातला चष्मा काढला, पुसला आणि पहिल्यांदाच डोळ्यांवर चढवला.

"कणा. ओक. साडेचौदा फूट," ती वाचू लागली.

मित्रांनो, 'मार्था' आता पुन्हा पाण्यात आहे. तुमच्याही घरी कुणाचे डबे असतील, तर ते देण्याआधी तळापर्यंत पाहा. आम्हा दोन्ही 'स्पेक्स'चे मूळ एकच आहे, पाहणे. त्या दिवशी आम्ही दोघे पहिल्यांदाच तिच्या हाती एकत्र आलो होतो.