टोबीला बसवायचं की नाही

लागोपाठ तिसरा सामना हरल्यावर हार्लन्स फेरी या गावात लोक एकमेकांना ‘कसं काय’ विचारेनासे झाले. न्हाव्याकडे, पेट्रोलपंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर एकच विषय होता, टोबी सोपकोला बाकावर बसवायचं की नाही. टोबी शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, वय सतरा. पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून या गावाकडे शुक्रवारच्या सामन्याशिवाय मिरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यामुळे गावाचा सगळा राग त्या पोराच्या उजव्या खांद्यावर येऊन बसला होता.

टोबीचा आजोबा एमिल मात्र कुणाला भीक घालत नव्हता. जो कोणी टोबीचं नाव वाकडं काढेल त्याच्याशी तो भांडत होता. न्हाव्याशी तर अर्धी दाढी झालेली असताना भांडला आणि तसाच उठून घरी आला. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला नातवाच्या कौतुकाने वेड लागलंय. खरं कारण एमिलने कुणाला सांगितलं नव्हतं.

एमिलचा मुलगा पॉल, म्हणजे टोबीचा बाप, गोदामात पाठीला मार लागल्यावर वेदनाशामक गोळ्या घ्यायला लागला आणि पाठ बरी झाल्यावरही घेत राहिला. एका सकाळी तो उठलाच नाही. टोबीच्या आईने पुढे दुसरा संसार थाटला, आणि एमिलला ‘डेडो’ म्हणणारं पोरगं त्याच्याकडेच राहिलं. तेव्हापासून एमिलची एकच समजूत होती. टोबीच्या हातात चेंडू आहे तोवर त्या हातात दुसरं काही येणार नाही. चेंडू काढून घेतला, तर हे गाव त्याला दुसरं काय देणार होतं? शुक्रवारी एका कॉलेजचा माणूस टोबीला आपल्या संघात घ्यावं का ते बघायला यायचा होता. तेवढा एक सामना पोरगं खेळलं की सुटलं, असा त्याचा हिशोब होता.

दर सोमवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात पाठीराख्यांचं मंडळ भरायचं. बायका कोबी आणि शेवया लोण्यात परतून मोठ्या पातेल्यात ठेवायच्या, आणि कोच रीगल भिंतीवर शुक्रवारच्या सामन्याचं चित्रण दाखवायचा. खेळाडूंना तिथे मज्जाव. बाकी कुणीही ‘मागे घे’ म्हणून ओरडावं आणि कोचने मुकाट्याने चित्रण मागे नेऊन पुन्हा दाखवावं, ही जुनी रीत. शेवटी हात वर करून कौल घेतला जायचा. कोचवर तो बंधनकारक नव्हता, पण त्याला नोकरीवर ठेवणारे सगळे तिथेच बसून शेवया खायचे.

“मागे घे!” टायरच्या दुकानाचा मालक लू बेलास्को ओरडला. “बघा आता. डावीकडचा पोरगा मोकळा उभाय, बस थांबवल्यासारखा हात हलवतोय. आणि आमचे साहेब चेंडू टाकतायत कुठे? गवतात! आता गवताने झेल घ्यायचा का?”

तळघर खदखदून हसलं.

“लू, शाळेत तू संघाच्या पाण्याच्या बाटल्या वाहायचास,” अर्नी वार्गो म्हणाला. “मैदान तुला तेवढंच ठाऊक.”

“पण एक बाटली पाडली का कधी? हा तर दर सामन्याला तीन-तीनदा चेंडू समोरच्यांच्या हातात देतोय, प्रसाद वाटल्यासारखा.”

“पुढची फळी बघ की जरा!” एमिल उभा राहिला. “नुसती चाळणी झालीये. पोराला श्वास घ्यायला मिळत नाही आणि म्हणे चेंडू का पडतो!”

“एमिल, तुझ्या नातवाबद्दल माझ्या मनात काही नाही रे,” लू म्हणाला.

“मनात नाही, तोंडात आहे ना!”

पुन्हा हशा झाला. कोच घाम पुसत म्हणाला, “मंडळी, आधी खाऊन घ्या. मग उरलेलं बघू.”

कॉफीच्या किटलीपाशी अर्नीने एमिलला कोपराने ढोसलं. कारखान्याच्या भट्टीवर दोघांनी उभा जन्म शेजारी शेजारी काढला होता. पॉलच्या शवपेटीला पुढून खांदा अर्नीनेच दिला होता. गावात टोबीची बाजू घेणारा एमिलशिवाय हा एकटाच.

“तू कशाला जिवाला लावून घेतोस?” अर्नी हळूच म्हणाला. “लूच्या तोंडी लागू नकोस. शुक्रवारी पोरगं झकास खेळणार बघ.”

“तुला कसं ठाऊक?”

“खांदा दुखतोय रे त्याचा. तुला नाही बोलला, तू काळजी करशील म्हणून. मी केलीये सोय.” अर्नी इकडेतिकडे बघत हसला. “माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या गोळ्या उरल्या होत्या. त्यातल्या देतोय त्याला. शुक्रवारसाठी वेगळ्या राखून ठेवल्यात.”

एमिलने हातातला कप खाली ठेवला. “कधीपासून?”

“शाळा सुरू झाल्यापासून. आधी फक्त सामन्यापुरत्याच मागायचा. हल्ली सरावालाही लागते म्हणाला.”

“अर्नी, पॉल कशाने गेला?”

“हॅट्! त्याचं वेगळं होतं.” अर्नीला खरंच वाईट वाटलं. “मी काय गल्लीबोळातला माल देतोय का लेका? डॉक्टरने लिहून दिलेल्या आहेत.”

“पॉलच्याही डॉक्टरनेच लिहून दिल्या होत्या.”

 अर्नीला शिव्या घालाव्यात असं एमिलला वाटलं, पण घालता येईनात. अर्नीने हे प्रेमापोटी केलं होतं, आणि हेच एमिलला सहन होत नव्हतं. टोबीला बसवा म्हणून जो बोंबलत होता त्या लूने पोराचं काडीचंही वाकडं केलं नव्हतं.

दिवे पुन्हा मालवले. भिंतीवर टोबी आपटला, सावकाश उठला आणि बाजूच्या बाकावर जाऊन बसला. शिरस्त्राण काढून तो मान खाजवू लागला, मग दोन्ही दंड. खाली मैदानात त्याचा संघ मार खात होता आणि हा आपल्या तंद्रीत खाजवत होता.

“मागे घे,” एमिल म्हणाला.

कोचने मागे घेतलं. तळघरात कुणालाच कळेना, यात बघण्यासारखं काय आहे. पोरगं बसलंय आणि खाजवतंय, एवढंच तर होतं. गेले काही आठवडे टोबी जेवणाच्या टेबलावरही असाच खाजवायचा. एमिलने त्यासाठी कपड्यांचा साबण बदलला होता. गोळ्यांनी पॉलच्या अंगाला खाज सुटायची तेव्हाही घरात साबणच बदलला गेला होता. एमिलला स्वतःचीच चीड आली.

“त्याला बसवा,” तो म्हणाला.

“काय?” कोचने दिवे लावायला सांगितले. “एमिल, तुम्ही बोलताय हे?”

“बसवा टोबीला. शुक्रवारी नको, पुढच्या शुक्रवारी नको. या मोसमात नकोच.”

“अहो, शुक्रवारी तर कॉलेजचा माणूस येतोय!”

“मला ठाऊक आहे कोण येतोय ते.”

“पण कारण काय?”

साठ माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. खरं सांगितलं असतं तर पुढच्या अर्ध्या तासात ते नदीपलीकडे पोचलं असतं. सोपकोंचा पोरगाही बापाच्याच वाटेवर, असं प्रत्येक घरात बोललं गेलं असतं. मागे अर्नी भिंतीला टेकून उभा होता, पांढराफटक पडलेला.

“खेळता येत नाही त्याला,” एमिल म्हणाला. “बस. हे कारण पुरे नाही?”

हात वर झाले. लूचा हात मात्र अर्ध्यावर अडला. निघताना तो गाडीपाशी एमिलला गाठून म्हणाला, “आजोबाने असं म्हणायला छाती लागते रे.” एमिलने त्याच्याकडे न बघताच गाडीचं दार उघडलं.

तो घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. टोबी स्वयंपाकघरात बसला होता, समोर फोन पालथा पडलेला. अंगणात प्रत्येक खेळाडूच्या घरी असते तशी त्याच्या क्रमांकाची पाटी होती. ती उपटून त्याने दारात आडवी टाकली होती. एमिल ती ओलांडून आत आला.

“तू म्हणालास?” टोबीने विचारलं.

“हो.”

“खेळता येत नाही, असं म्हणालास? सगळं गाव म्हणत होतं, डेडो. तू एकटा नव्हतास म्हणत.”

एमिल समोर बसला. बोलायचं बरंच ठरवलं होतं, आता जीभ उचलेना. “अर्नीने सांगितलं मला. गोळ्यांचं.”

 टोबी ओरडेल, रडेल, निघून जाईल, यातल्या कशालाही एमिल तयार होता. पोरगं नुसतं दंड खाजवत राहिलं.

“झालं ते झालं,” एमिल म्हणाला. “आता खेळणं नाही, म्हणजे गोळीही नाही. खांदा आपोआप भरेल. पुढच्या वर्षी दुसरं कॉलेज बघू. मी आहे ना.”

टोबीने मान हलवली.  मग एकदम लहान मुलासारख्या आवाजात म्हणाला, “डेडो, अर्नीकाका आता देणार नाही का मग?”

एमिलला आधी कळलंच नाही. “कशाला द्यायला हव्यात? शुक्रवारी तू खेळत नाहीयेस.”

“हो,” टोबी म्हणाला. “ते कळलं मला.”

त्याचे हात थरथरत होते. त्याने ते टेबलाखाली घेतले, पण एमिलने पाहिले होते. म्हणजे चेंडू काढून घेतला काय आणि हातात राहू दिला काय, आता सारखंच होतं. एमिलने आयुष्यात एकदाच पोराविरुद्ध कौल दिला, आणि तोही उशिरा.

पॉल असाच बसलेला असताना एमिल त्याला ‘मन घट्ट कर’ म्हणाला होता आणि झोपायला गेला होता.

तो उठला. त्याने टोबीचा कोट खुंटीवरून काढून त्याच्या खांद्यावर टाकला, दुखऱ्या खांद्याला जपून.

“कुठे?” टोबीने विचारलं.

“दवाखान्यात.”

“सगळे बघतील, डेडो.”

“बघू देत,” एमिल म्हणाला, आणि किल्ल्या शोधायला लागला.