बायजाक्काचं पिवळं मूळ

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे. माझा दगड काळी नदीच्या पात्रातला. पाथरवटानं मला घडवलं आणि माझी मालकीण तुळजा, तिच्या सासूनं उळवीच्या जत्रेतून डोक्यावरून घरी आणलं. कॅसलरॉकला आगगाडी धावू लागली होती, पण आमच्या रानातल्या गावात दुखणं आलं की माझीच आठवण व्हायची. वेखंड, सुंठ, जायफळ, सगळं माझ्या अंगावर झिजलं. घरातल्या प्रत्येक बाळाची गुटी माझ्यावरच उगाळली गेली. तेव्हा माझा फार मान होता.

तुळजाचे केस पिकत चालले होते, तेव्हाची ही गोष्ट. तिची सून केशर. केशरचं लेकरू हिवतापानं गेलं आणि ती गप्प झाली. पुढ्यातला भात निवून जायचा. बाया लावणीला जायच्या, ही उंबऱ्याशी बसून राहायची.

"लावणीच्या दिसांतच बरं दुखणं आलं," शेजारची गिरजा कुंपणावरून म्हणायची. "माझं बी डोस्कं दुखतंय, मी बी बसू व्हय?"

"बस की," तुळजा म्हणाली. "तोंड बी मिटून बस."

पण केशरला काय उगाळून द्यावं, ते तिला सुचत नव्हतं.

मग बायजाक्का आली. रानातली औषधं तिलाच ठाऊक. पदराआडून तिनं साल काढलेलं एक पिवळं मूळ दिलं.

"कशाचं गं अक्का?"

"नाव घेतलं की गुण जातो, तुळजे. या अवसेपास्नं पुढच्या अवसेपतूर दे. मधी सोडू नको."

आमच्याकडे रीतच तशी. औषध देणाऱ्यानं नाव सांगायचं नाही, घेणाऱ्यानं विचारायचं नाही.

रोज सकाळी ते कडू मूळ माझ्यावर उगाळलं जाई. कितीतरी दिवस काहीच घडलं नाही. बायजाक्का येऊन तुळजाला धीर देत राहिली. पुढची अवस जवळ आली, तेव्हा एका सकाळी केशर म्हणाली, "आत्ती, आंबील अळणी हाय."

तुळजा माझ्यापाशी बसून पदरात तोंड घालून रडली.

पुढच्या वर्षी, लेकरू गेलं त्याच दिवसांत, केशर पुन्हा गप्प झाली. पण बायजाक्का उरली नव्हती. नाव तिच्याबरोबर सरणावर गेलं होतं.

तुळजा रान धुंडाळू लागली. दिसेल ते पिवळं मूळ आणायची, चाटवायची, टाकायची. एकदा केशरला उलट्या झाल्या.

"आये, समदं रान उपटून आणतीस काय?" लेक उमाजी म्हणाला.

"तुझी बायको चाललीया बाबा. रान ऱ्हाऊन काय करू?"

आणि एका सकाळी ते आलं. तोच कडवटपणा, तोच ओल्या मातीचा वास. मी ओळखलं!

तुळजानं ते थोडे दिवस दिलं. केशरमध्ये फरक नव्हता. महिनाभर थांबायचं असतं हे तुळजाला आठवत होतं. पण भलत्याच मुळावर महिना गेला तर सून हातची जाईल, ही धास्ती तिला थांबू देईना. 'मधी सोडू नको' म्हणणारी आता नव्हती.

"ह्ये बी न्हवं," ती म्हणाली आणि मूळ उकिरड्यावर फेकलं. मी दगड. काय करणार?

मग केशरचा भाऊ लखू गाडी घेऊन आला, तिला माहेरी न्यायला. जाताना ती माझ्यापाशी थांबली. माझ्या खळग्यातून एक बोट फिरवलं, पण ते जिभेला लावलं नाही. शिमग्याला केशर गेल्याचा निरोप आला. त्याबद्दल मला बोलवत नाही.

त्यानंतर तुळजानं मला परसात नेऊन पालथं घातलं. आता माझ्या पाठीवर पायांच्या टाचा घासतात. खळग्यातला पिवळा डाग मात्र अजून गेलेला नाही.

मित्रांनो, कुणी गप्प झालं तर त्याला ढोंगी म्हणू नका. त्याच्यापाशी बसा, त्याला वेळ द्या. आणि गुणाची गोष्ट ठाऊक असेल तर तिचं नाव झाकून ठेवू नका. ते मूळ पुन्हा माझ्यावर आलं तर मी आजही ओळखीन. पण मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.