खापरोळीची बाई

शर्टाच्या बटणाएवढा तो माईक टीपॉयवर उताणा पडला होता, त्याचा चिमटा अजून उघडाच — गावातल्या अक्षयाने गेल्या रविवारी सुगंधाच्या पदराला लावला होता, ‘बाई, हलू नकात हां, आवाज खरखरता’ असं बजावून, आणि जाताना विसरून गेली होती. आज चार वाजता ती तो न्यायला येणार होती, आणि मालवणीतून इंग्रजी शिकवायच्या तिच्या व्हिडिओंसाठी पुढचे पाच इडियम, म्हणजे वाक्प्रचार, रेकॉर्ड करायला. येऊ दे. ये तू... काय बोलायचं ते सुगंधाने सकाळपासून ठरवून ठेवलं होतं. एकतीस वर्षं कट्टा गावच्या शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई काही ऐन वेळी शब्द शोधत बसणार नव्हती.

परवा रात्री अक्षयाने तो व्हिडिओ टाकला. कालपर्यंत अर्ध्या तालुक्याने पाहिला असेल. त्यात अक्षया डोळे मोठे करून सांगते — आमच्या गावात एक बाई होती, इंग्लिश शिकवी. घोव बोटीवर. घोवाचा दुसरा बिऱ्हाड मुंबयत, आणि ही हय तो येवचो म्हणान खापरोळी करी! विचारलां तर म्हणता, माका काय म्हायतच नाय. ह्येका म्हणतत — टर्न अ ब्लाइंड आय. मग ती एका हाताने डोळा झाकते आणि मागून हसण्याचा आवाज येतो. भाड्याचं हसणं. शी!

नाव घेतलं नाही. काल फोनवर तेच तर म्हणाली, ‘बाई, मी तुमचा नाव खंय घेतलंय?’ नाव कशाला घ्यायला हवं? इंग्रजी शिकवणाऱ्या किती बायांचे नवरे बोटीवर होते या पंचक्रोशीत? आणि खापरोळी... ती खापरोळीची गोष्ट मी फक्त तुला सांगितली होती, अक्षया. मे महिन्यात तुझं ठरलेलं लग्न मोडलं, त्या मुलाचं मुंबईत दुसरीकडेच होतं हे कळलं, आणि तू तीन दिवस जेवली नाहीस, तेव्हा तुझी आई मला बोलवायला आली. माझ्या पडवीत, भर दुपारी, तुला जवळ घेऊन मी सांगितलं — की माझ्या नवऱ्याच्या, दाजींच्या बॅगेत मला लहान मुलीचा फ्रॉक सापडला होता, आमच्या घरात मुलगी नसताना. मी तो होता तसा घडी करून ठेवला आणि नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या त्या खापरोळीचं पीठ भिजवायला गेले, कारण ते येताना वाटेत तेच मागत आले होते. एवढं सगळं गिळूनही माणूस जगतं गो, एवढंच तुला दाखवायचं होतं. आणि सवयीने शेवटी म्हणालेसुद्धा, बघ, इंग्रजीत याला म्हणतात टर्न अ ब्लाइंड आय... तेव्हा तू हुंदक्यात हसलीस. मला किती बरं वाटलं होतं. मूर्ख बाई.

सगळं सहन केलं असतं एक वेळ. गाव काय, चार दिवस कुजबुजेल. पण ओंकारला, माझ्या मुलाला, कळता कामा नव्हतं. त्याच्या पुण्याच्या घरात दाजींचा बोटीवरच्या गणवेशातला फोटो आहे, तीन वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा त्याने मोठा करून लावलेला. तो सातवीत होता तेव्हापासून मी तोंडाला कुलूप लावलं ते त्या एकाच कारणासाठी — मुलाला बाप पुरता मिळायला हवा. आज सकाळी त्याचा फोन आला. ‘आई, अक्षयाचा तो व्हिडिओ पाहिला...’ सुगंधाने घाईघाईने सांगितलं, ‘ती काय, कोणाचं तरी काहीतरी रचून सांगते.’ तो नुसता ‘हं’ म्हणाला. मग, ‘बरी आहेस ना?’ आणि फोन ठेवताना पुन्हा, ‘बरी आहेस ना, आई?’ व्हिडिओ आजच्या आज काढायला लावायचा. काढ, आणि माझ्या पायरीवर पुन्हा पाऊल ठेवू नकोस...

कट्ट्याला ती रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेली. दुकानदाराने नेहमीपेक्षा जास्त गोड चौकशी केली. येताना उन्हाचं चालवेना म्हणून स्टँडवर उभ्या रिक्षेत बसली, आणि बसल्यावर पाहिलं, तर प्रीतमची रिक्षा. ओंकारच्याच वर्गातला. दुसरी मिळाली असती तर ती उतरली असती. कारण प्रीतमला बघितलं की तिला तो दहावीचा तास आठवतो. तिची शिकवायची रीतच तशी होती, इडियम कोणाच्या तरी घरात नेऊन बसवल्याशिवाय मुलांना कळत नाही असं ती ट्रेनिंगला येणाऱ्या शिक्षकांनाही सांगायची. ड्रिंक लाइक अ फिश, म्हणजे बेसुमार दारू पिणे. ‘आपल्याच वर्गातल्या एकाचे वडील... स्टँडवर संध्याकाळी बघा.’ वर्ग फुटून हसला. प्रीतम बाकाकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याची आई हौसाबाई शिक्षकखोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली, तर मी काय म्हणाले? मी कुठे नाव घेतलं?

हे वाक्य आत्ता, रिक्षेत, तिच्या तोंडात आलं, आणि ती बाहेर काजूच्या बागांकडे बघायला लागली.

‘बाई,’ प्रीतम आरशात न बघता म्हणाला, ‘तो व्हिडिओ मी बघलंय. अक्षयान ह्या बरा करूक नाय.’

‘कुठला व्हिडिओ?’

‘ऱ्हवांदे.’ त्याने एका खड्ड्याला वळसा घातला. मग, ‘तुमी ओंकाराचो घोर लावन घेव नकात. तेका दहावीपास्सून म्हायत आसा.’

‘काय माहीत आहे?’

‘तुमच्या त्या फिशच्या तासाच्या दुसऱ्या दिसाक तो आमच्या घराकडे इलेलो. मी शाळेत येवचंय नाय म्हणान बसलेलंय. माका म्हणालो, तुझो बापूस पिता ता सगळ्यांका दिसता तरी. आणि मगे सांगल्यान. दिवाळीत मुंबयक गेलेलो थय तेणा बघल्यान, एक ल्हान चेडू दाजींका बाबा म्हणी.’ त्याने गिअर बदलला. ‘माका शपथ घातल्यान, आईक कळता नये. मी बायलेक पण सांगूक नाय, बाई.’

घराशी उतरताना ती ‘येते रे’ म्हणाली, त्या तासाबद्दल प्रीतमची मागायची माफी, अठरा वर्षं राहिलेली, ओठांपर्यंत आली... तो रिक्षा वळवत होता.

पडवीतल्या खुर्चीत ती चप्पल न काढता बसली. ठरवलेली वाक्यं जुळवून पाहिली. सगळीच ‘माझ्या मुलाला कळलं तर’ इथून सुरू होत होती, आणि तिथेच पडत होती. दहावी म्हणजे... म्हणजे त्या दिवाळीनंतर दाजी दर वेळी आले, मी खापरोळ्या घातल्या, आणि तो समोर बसून दोन-दोन खात होता! मी त्याच्यापासून लपवत होते, तो माझ्यापासून. पंधरा वर्षांच्या पोराने मित्राला सांगितलं, परक्या पोराला, आणि मला नाही? मेल्या, मी तुझी आई ना रे? मला एकटीला त्यात बसवून तू दाराबाहेर उभा राहिलास, इतकी वर्षं, आणि वर विचारतोस बरी आहेस ना... नवऱ्याने फसवलं त्याला कैक वर्षं झाली होती, तो घाव तिला ओळखीचा होता. हा कुठे दुखतोय तेच समजेना. त्याने हे प्रेमानेच केलं, हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच तर राग धरायला काही हाती लागत नव्हतं. एकदा, एकदा तरी दोघांना मिळून रडता आलं असतं.

‘बाई, आसात मां घरात?’

अक्षया पायरीवर उभी होती, ट्रायपॉड काखेत. तिने सुगंधाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. ‘बाई, रडतात कशाक? चुकला माझा... मी काढतंय तो व्हिडिओ. आत्ता काढतंय, तुमच्यासमोर.’

कुठला व्हिडिओ, हे आठवायला सुगंधाला क्षणभर लागलं.