यानातला अबोला

कॉल लागण्याआधी रस्त्यावरची कलकल थोडी कमी करावी म्हणून लेखिकेने खिडकीला हात घातला आणि तसाच मागे घेतला. खिडकी उघडीच राहिली. आत्या गेल्यापासून ती कुणी लावली नव्हती. आत स्वयंपाकघरात मावशी स्वेटरवर शाल गुंडाळून भाजी चिरत होती.

पडद्यावर संपादिका आली. दूर देशातली, दुसऱ्याच भाषेत बोलणारी, पण बोलायला मोठी गोड बाई. आधी तिने लेखिकेच्या कादंबरीचं तोंडभर कौतुक केलं. आकाशातले दोन सूर्य तिला आवडले होते. पिढ्यान् पिढ्या अंधारातून चाललेलं अवाढव्य यान आवडलं होतं. झोपेत ज्यांचं वय उलटं जातं ती माणसं तर फारच आवडली होती.

"सगळं पटतं," ती म्हणाली. "एकच गोष्ट पटत नाही."

"कोणती?"

"मुलीला वाढवणाऱ्या त्या दोन बायका. एक आईची बहीण, एक वडिलांची. आमच्या वाचकाला दोघी सारख्याच. त्यातून एका स्वयंपाकघरात राहून वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, मुलीच्या तोंडून निरोप धाडतात. हे कोण खरं मानेल?"

उलट्या वयाची माणसं मात्र हिला खरी वाटली होती.

"दोघींची एकच करा," संपादिका समजुतीने म्हणाली. "एकच ठसठशीत बाई. मग उद्याच्या बैठकीत पुस्तक मंजूर झालंच म्हणून समजा. दोघी राहिल्या तर मात्र मला कुणाच्या गळी उतरवता येणार नाही."

लेखिकेने मान हलवली. तो होकार होता की नुसतं ऐकल्याची खूण, तिचं तिलाच कळलं नाही. हल्ली तिचं असंच चाललं होतं. कित्येक वर्षं उराशी धरलेलं पुस्तक परदेशात निघायची वेळ आली होती आणि आतून काही म्हणता काही हलत नव्हतं. आत्या गेली त्या दिवशीही रडू आलं नव्हतं. भूक मात्र वेळेवर लागली होती. त्याची तिला लाज वाटे, पण तीही दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी.

लेखिका लहान असताना आई गेली, तेव्हा तिला सांभाळायला मावशी या घरात आली. आत्या आधीपासून होतीच. दोघींमधून विस्तव जात नसे. पहिलं भांडण याच खिडकीवरून झालं. आत्याला वारा हवा, मावशीला वाऱ्याने शिंका. कुणी कुणाला काय बोललं ते पुढे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही, पण अबोला राहिला. यानाची खिडकी उघडता येत नाही, म्हणून कादंबरीत लेखिकेने भांडण हवेच्या झडपेवर नेलं होतं. बाकी सगळं घरचंच होतं. मावशीने ते वाचून "मी एवढी जाडी आहे का गं?" इतकंच विचारलं होतं.

"तुझ्या आत्याला सांग, भाजी खारट झालीय," मावशी म्हणायची. "सांगते," म्हणून पोरगी ओट्याच्या या टोकाकडून त्या टोकाला जायची. आत्याच्या कानावर सगळं पडलेलंच असायचं, तरी निरोप पोचेपर्यंत ती कालथा हातात धरून थांबायची.

"आत्या, मावशी म्हणते भाजी छान झालीय."

"तिला सांग, आवडली तर अजून वाढून घे म्हणावं."

आणि मावशी खरंच वाढून घ्यायची. खरा मजकूर दोघींना ठाऊक असे, पण उत्तर मिळे ते पोरीने बदललेल्या मजकुराला. रचून सांगायची खोड तिला तिथेच लागली.

"ठीक आहे," लेखिका पडद्याला म्हणाली. "करते एकच."

"वा! मग कोणती ठेवताय?"

तेवढ्यात मावशी चहाचा कप घेऊन आली. कप टेबलावर ठेवून, पडद्याकडे न बघताच तिने विचारलं,

"काय म्हणतेय?"

"पुस्तकात दोघी नकोत म्हणते. एकच ठेवा."

"कोण दोघी?"

"तू आणि आत्या."

मावशीने खांद्यावरची शाल नीट केली. बशीत सांडलेला चहा बोटाने पुसला.

"मग तिला काढ," ती म्हणाली. "नाहीतरी गेलीच आहे."

आणि ती चालू लागली. दारापाशी पोचली आणि थांबली. खिडकीतून गार वारा आला, टेबलावरचे कागद फडफडले. मावशीला एक शिंक आली. ती पाठमोरीच म्हणाली,

"नको. ती नसली तर मी अबोला कुणाशी धरू? इतके दिवस बघतेय, घरात न बोलायलासुद्धा कुणी नाही."

"काय म्हणाल्या त्या?" पडद्यावरून संपादिकेने विचारलं.

मावशी वळली. पडद्याकडे तिने याही वेळी पाहिलं नाही.

"तिला सांग, दोघी राहतील. जमत नसेल तर तुझं छापणं तुझ्यापाशी ठेव म्हणावं."

तिला सांग. आत्या गेल्यापासून हे शब्द घरात उमटले नव्हते. निरोप सांगायला लेखिकेने तोंड उघडलं. गालावरून गरम काहीतरी उतरत होतं. ते हनुवटीवर आलं तेव्हा कुठे तिला कळलं की आपण रडतोय.

"हॅलो? तुमचा आवाज येत नाहीये," संपादिका म्हणाली. "ऐकू येतंय का?"

मावशी दारात तशीच उभी होती, निरोप पोचायची वाट बघत.

"सांगते," लेखिका तिला म्हणाली. तिने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, पडद्याकडे वळली आणि निरोप जसाच्या तसा दिला. या वेळी तिने त्यातला एकही शब्द बदलला नाही.